पावसाळ्यात सुतारशाळेतली ओल काढायला लाकडाची भट्टी: ड्रमची करावी का, आणि कशी?

रंधा (फोंडा)

मंडळी, जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे गोव्यात लाकूड वाळत नाही, उलट ओल पितं. शाळा वीस फूट बाय बारा फूट, भिंती चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या), वर मंगळुरी कौलं. सागवान आणि फणसाच्या एक इंची फळ्या रचलेल्या असतात आणि जुलैत ओलावा मोजायचा मीटर १८ ते २० टक्के दाखवतो. चवथीच्या आधी चौरंग, पाट, देव्हारे द्यायचे असतात. तसल्या लाकडाचं काम गिऱ्हाइकाच्या एसीच्या खोलीत गेलं की दोन महिन्यांत जोड उघडतात.

विचार असा आहे की २०० लिटरच्या लोखंडी ड्रमची भट्टी करायची, धुराडं कौलांतून वर काढायचं आणि पावसाळाभर शाळा उबदार ठेवायची. ड्रम टिकेल का? धुराडं कौलांतून काढावं की भिंतीतून? तापमान किती ठेवावं? आणि जळणाला शाळेतला भुसा नि तुकडे पुरतील का?

काजूबोंड (वाळपई)

सत्तावीस अंशांच्या हवेत भट्टी? माणसं उकडून निघतील. चार पंखे लावून भागणार नाही का?

पर्जन्यमापक (पणजी)

पंख्याने लाकूड हवेच्या बरोबरीला येतं, तिच्या खाली जात नाही. हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली की लाकूड २० टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं. पंखा रात्रंदिवस फिरवला तरी त्याच ओल्या हवेचा वारा लागणार.

आता तीच हवा तापवून ३२ अंशांवर नेली, तर तिच्यातलं पाणी तेवढंच राहतं पण पाणी धरायची ताकद वाढते. आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि लाकूड १२ टक्क्यांकडे सरकतं. ३७ अंशांवर नेली तर आर्द्रता ५१ टक्के आणि लाकूड साधारण ९ टक्क्यांकडे. दहा अंशांत एवढा फरक पडतो. म्हणून बाहेरच्या हवेपेक्षा ७ ते १० अंश जास्त, एवढंच उद्दिष्ट धरा. आपल्याला ऊब नको आहे, कोरडी हवा हवी आहे. या दोन गोष्टींसाठी भट्टी वेगवेगळी लागते.

करवत (म्हापसा)

पर्जन्यमापकांना +१. लाकडाचं गणितही सांगतो. सागवान १ टक्का ओल सोडताना रुंदीत साधारण ०.२ टक्के आकसतं (स्पर्शरेषेच्या दिशेने, म्हणजे साध्या चिरलेल्या फळीत). ३०० मिलिमीटरचं पॅनल १९ वरून १२ टक्क्यांवर आलं की चार मिलिमीटर कमी होतं. चौकटीत ते पक्कं डकवलेलं असेल तर भेग पडणारच.

पण रंधाभाऊ, अख्खी शाळा तापवू नका. कौलांच्या फटींतून सगळी गरम हवा निघून जाईल. शाळेच्या एका कोपऱ्यात ८ फूट बाय ६ फुटांची, साडेसात फूट उंचीची खोली बंद करा. दोन भिंती चिऱ्याच्या मिळतात, बाकीच्या दोन सिमेंट शीटच्या, वर सिमेंट शीटचंच छत आणि त्यावर काचलोकर. रोज लागणाऱ्या फळ्या तिथे राहतील. काम बाहेर चालेल, त्यामुळे काजूबोंडांचा उकाड्याचा प्रश्नही सुटतो.

काजूबोंड (वाळपई)

पटलं. प्रश्न मागे घेतो.

वेल्डर डिचोली

ड्रमबद्दल. २०० लिटरच्या ड्रमचा पत्रा एक ते सव्वा मिलिमीटरचा असतो. आग थेट लागली की तळ आणि धुराड्याजवळचा भाग लाल होतो, पापुद्रे सुटतात, आणि एक-दोन मोसमांत भोक पडतं. शिवाय जवळजवळ दोन फूट व्यासाचा आणि तीन फूट लांबीचा ड्रम त्या एवढ्याशा खोलीला फार मोठा होतो. मोठ्या भट्टीत छोटी आग ठेवली की ती धुमसते, आणि धुमसणारी आग धुराडं भरते.

माझं मत १२ इंची एमएस (माइल्ड स्टील, साध्या लोखंडी) पाइपचा तुकडा, ६ मिलिमीटर जाडीचा, अडीच फूट लांब. भंगारात मिळतो. मीटरला जवळजवळ ५० किलो वजन असतं, म्हणजे तुकडा ३८ किलोच्या आसपास. आडवा ठेवायचा, दोन्ही तोंडांना ६ मिमी प्लेट, पुढच्या प्लेटमध्ये दार.

दार चौकटीसकट पाइपच्या गोल तोंडात बसेल एवढंच. चौकटीला २५ बाय ५ ची पट्टी, बिजागरी १२ मिमी सळईची. दाराच्या आत सिरॅमिकची दोरी बसवायची. जुन्या दुकानांत अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी अजून मिळते, ती घेऊ नका. हवेसाठी दारात दीड इंची तीन भोकं आणि त्यांवर सरकणारी पट्टी. लाकडाला जाळी लागत नाही, तळाला दोन इंच राख राहू द्यायची, निखारे त्यावर टिकतात.

सर्वांत महत्त्वाचं म्हणजे आतला आडवा पत्रा. पाइपच्या वरच्या तिसऱ्या भागात ६ मिमीची प्लेट, मागच्या टोकाला चिकटलेली आणि पुढच्या टोकाला पाच-सहा इंच मोकळी. धुराडं मागे वरती. ज्वाळा मग थेट धुराड्यात जात नाही. ती पुढे येते, वळते आणि वरून मागे जाते. या एका पत्र्याने धूर कमी होतो आणि जळण वाचतं. तो पक्का वेल्ड करू नका, दोन अँगलवर नुसता ठेवा. तो वाकणारच, आणि दोन वर्षांनी बदलावा लागणारच.

वेल्डिंगला ३.१५ चा रॉड, म्हणजे दहा नंबर. एका बाजूने सलग ओढत नेऊ नका. चार इंच इकडे, चार इंच तिकडे, नाहीतर प्लेट वाकते आणि दार बसत नाही.

लोखंडवाला (कुंडई)

वेल्डरदादांशी थोडा असहमत. ड्रम वाईट नाही, नुसता उघडा ड्रम वाईट. आत तळाला दोन इंच वाळू, तिच्यावर आणि बाजूंना अर्ध्या उंचीपर्यंत आगविटा (९ बाय साडेचार बाय ३ इंच), तर पत्र्याला थेट आग लागत नाही आणि ड्रम तीन-चार मोसम सहज चालतो. विटांमुळे पोकळीही लहान होते. ज्याच्याकडे वेल्डिंग मशीन नाही त्याला हे ग्राइंडर, रिव्हेट आणि नटबोल्टवर जमतं. एवढ्या पातळ पत्र्याला रॉडने वेल्ड करायला गेलात तर भोकं पडतात.

मात्र ड्रम कशाचा होता ते विचारून घ्या. थिनर, रसायन किंवा कीटकनाशकाचा नको. डिझेल-ऑइलचा असेल तर रिकामा ड्रमही स्फोटक असतो, आत वाफ राहते. साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, मग काठोकाठ पाणी भरून पहिला काप घ्या. आतला-बाहेरचा रंग जाळण्यासाठी पहिल्या दोन आगी उघड्यावर, अंगणात.

वेल्डर डिचोली

आगविटांसह ड्रम असेल तर माझी हरकत नाही. पण गॅसचा जुना सिलिंडर कापायचा सल्ला कुणी देऊ नका. कंपनीचा सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचा नसतोच, आणि तो कापताना माणसं मेली आहेत.

आणखी एक. धुराड्याला जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाइप लावू नका. जस्ताचा थर तापला की पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. भट्टीपासून पहिले सहा फूट तरी काळा एमएस पाइपच हवा, २ मिमी जाडीचा.

सुतारपक्षी (पेडणे)

एवढा खटाटोप कशाला? भुशाची शेगडी सगळ्या सुतारांना माहीत आहे. पंधरा किलो तेलाचा डबा घ्यायचा, तळाजवळ एका बाजूला दोन इंची भोक. मध्ये बाटली उभी धरायची, बाजूच्या भोकातून दुसरी आडवी, आणि भोवती कोरडा भुसा थरथराने ठोकून भरायचा. बाटल्या हळूच फिरवत काढल्या की एल आकाराचा बोगदा राहतो. खालून पेटवलं की पाच-सहा तास आपोआप जळतं, मध्ये जळण घालावं लागत नाही. भुसा फुकट आहे. खोलीत एक ठेवली की काम झालं.

रसायनमास्तर (मडगाव)

सुतारपक्षी, शेगडी म्हणून ती उत्तम आहे, पण धुराड्याशिवाय बंद खोलीत ती ठेवू नका. दोन कारणं.

पहिलं जिवाचं. भुसा धुमसत जळतो, त्यातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो. त्याला वास नाही. डोकं जड होणं, मळमळ आणि झोप ही लक्षणं येईपर्यंत उशीर झालेला असतो, आणि पावसाच्या झोडीमुळे दारं-खिडक्या लावलेल्याच असतात.

दुसरं कारण आपल्या मूळ हेतूचं आहे. लाकडात वजनाच्या साधारण ६ टक्के हायड्रोजन असतो, जळताना त्याचं पाणी होतं. एक किलो पूर्ण कोरडं लाकूड जळलं तरी अर्धा किलोहून जास्त वाफ तयार होते, वर त्याच्यातली मूळची ओल वेगळी. धुराडं नसेल तर ती सगळी वाफ त्याच खोलीत. गॅसची शेगडी लावणाऱ्यांनी तर हे नीट लक्षात घ्यावं: एक किलो एलपीजी जळला की सुमारे १.६ किलो पाणी हवेत येतं. खोली गरम होते, भिंतींना घाम येतो, आणि लाकूड होतं तिथेच राहतं.

भुशाची शेगडी वापरायची असेल तर डबा भट्टीच्या आत बसेल असा करा, म्हणजे धूर धुराड्यातून जाईल.

सुतारपक्षी (पेडणे)

वाफेचा मुद्दा ध्यानात आला नव्हता. वेल्डरदादा, त्या १२ इंची पाइपमध्ये असा डबा बसेल का?

वेल्डर डिचोली

आडव्या पाइपमध्ये नाही, डबा उभाच लागतो. तुम्हाला भुसाच जाळायचा असेल तर लोखंडवालांचा ड्रम उभा करा, वर झाकण, बाजूला वरती धुराडं, खाली हवेचं दार. आत डबा ठेवायचा. तिथे ड्रम जास्त योग्य. एकच लक्षात ठेवा, पेटलेल्या शेगडीचं झाकण एकदम उघडू नका. आत जमलेल्या वायूला हवा मिळाली की भडका तोंडावर येतो. आधी खालचं हवेचं दार उघडा, मिनिटभर थांबा, मग झाकण बोटभर उचलून पुन्हा थांबा.

चिरेबंदी (केपे)

आता धुराडं. कौलांतून काढू नका. खाली वासे, रिपा सगळं लाकूड, वर्षानुवर्षं वाळलेलं. एकेरी पाइपपासून लाकडापर्यंत सगळ्या बाजूंनी दीड फूट अंतर लागतं. तेवढं अंतर ठेवायचं म्हणजे वासे कापावे लागतात, आणि कौलांत पाइपभोवती पाणी अडवणं आपल्या पावसात फार कठीण. भिंतीतून काढा, आणि तेही पागोळ्या पडतात त्या बाजूने नको, घराच्या त्रिकोणी भिंतीतून. तिथे छप्पर आडवं येत नाही.

चिरा जळत नाही हा आपला मोठा फायदा. पाइपपेक्षा दोन इंच मोठं भोक पाडा, त्यात एमएसची बाही बसवा, आणि पाइप व बाही यांच्यामधल्या फटीत सिरॅमिक ब्लँकेट भरा. सिमेंटने पाइप जाम करू नका. बारा फुटी पाइप दोनशे अंशांनी तापला की आठ-नऊ मिलिमीटर लांबतो; जागा दिली नाही तर चिरा फुटतो किंवा सांधा सुटतो.

आडवा भाग कमीत कमी, चार फुटांच्या वर नाही, आणि फुटाला पाव इंच चढ भट्टीकडून बाहेर. बाहेर गेल्यावर काटकोनी एल्बोऐवजी टी लावा, टीच्या खालच्या तोंडाला झाकण. काजळी तिथून निघते आणि आत घुसलेलं पावसाचं पाणीही तिथेच जमतं.

सांधे कसे घालायचे यात बहुतेक जण चुकतात. वरच्या पाइपचं बारीक तोंड खालच्या पाइपच्या आत जायला हवं. आतून ओघळणारा चिकटा मग आतच राहतो. उलटं बसवलं तर चिकटा सांध्यातून बाहेर येऊन भिंतीवर काळे ओघळ उमटतात, आणि ते कधीच जात नाहीत.

माडावरचा (काणकोण)

समुद्राकडून वारा सुटला की धूर परत आत येतो, त्याचं काय करायचं? साधी टोपडी टोपी पुरत नाही, आडव्या सरींचं पाणी पाइपात जातं.

चिरेबंदी (केपे)

पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून. शक्य असेल तर धुराडं पूर्वेच्या भिंतीला घ्या. उंची छपराच्या कण्याहून दोन फूट वर, निदान दहा फुटांच्या परिघात जे काही आहे त्याच्याहून दोन फूट वर. माडांच्या मधोमध असाल तर झावळ्यांपासून लांब. टोपीसाठी एच आकाराची बनवा: पाइपच्या वर टी, आणि तिच्या दोन्ही टोकांना उभे छोटे तुकडे. वारा कुठूनही आला तरी खाली दाब येत नाही, पाणीही सरळ आत पडत नाही. बाहेरच्या उभ्या पाइपवर मोठ्या व्यासाचा दुसरा पाइप चढवा. उघड्या पाइपवर पाऊस पडला की तो गार होतो, ओढ कमी होते आणि आत डांबरासारखी राळ धरते.

पर्जन्यमापक (पणजी)

चिरेबंदींच्या ओढीच्या मुद्द्यावर. नेटवर मिळणारे बहुतेक आराखडे थंड देशांतले आहेत. धुराड्याची ओढ आतल्या गरम आणि बाहेरच्या गार हवेच्या फरकावर चालते. तिथे बाहेर शून्य अंश, इथे सत्तावीस. त्यामुळे त्यांचं आठ-नऊ फुटी धुराडं इथे धुपत राहतं. भट्टीपासून टोकापर्यंत १४ फुटांच्या खाली जाऊ नका. व्यास वेल्डरदादांच्या पाइपला ५ इंच, ड्रमला ६ इंच. पेटवण्याआधी टीच्या खालच्या झाकणातून कागदाचे दोन बोळे पेटवून आत ठेवा, म्हणजे पाइप आधी तापतो आणि पहिलाच धूर खोलीत फुटत नाही.

कुळागर (सावर्डे)

जळणाबद्दल कुणीच बोललं नाही, आणि निम्मी भट्टी जळणावरच चालते. पावसात आणलेलं ओलं लाकूड जाळून लाकूड सुकवायचं हा तोट्याचा धंदा आहे. २० टक्के ओलीच्या सरपणातून किलोला साधारण १५ मेगाज्यूल मिळतात. निम्मं पाणीच असलेल्या लाकडातून आठच, आणि वर राळ. पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी) भरतो तसं सरपण मे महिन्यातच फोडून, रचून, छपराखाली हवं.

करवतींच्या खोलीला दहा अंश वाढवायला एक ते दीड किलोवॅट पुरतो. भट्टीची निम्मी उष्णता धुराड्यातून जाते असं धरलं तरी ताशी अर्धा ते पाऊण किलो. रोज बारा तास म्हणजे सहा ते नऊ किलो. जुलै-ऑगस्टच्या साठ दिवसांना साडेतीनशे ते साडेपाचशे किलो लागेल.

काय वापरावं: अकेशिया उत्तम, आपल्याकडे मुबलक आहे. सुरूही चांगला. माडाची पिडं (झावळीचे देठ) आणि चुडतं (सुक्या झावळ्या) पेटवणाला, ती भसकन जळतात. करवंटी फार तापते, एका वेळी चार-पाचच टाका, भट्टी भरलीत तर वेल्डरदादांचा ६ मिमीचा पत्राही लाल होईल. सोडणं (नारळाची वरची सालं) धुमसतात, ती टाळा.

काय वापरू नये: काजूच्या बियांची टरफलं. त्यांतलं तेल कातडी जाळतं, त्याचा धूर डोळ्यांना आणि घशाला तितकाच वाईट. बिब्ब्याचं लाकूड तर शाळेत आणूसुद्धा नका, त्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. शाळेतले प्लायवूड, एमडीएफ आणि रंगवलेले तुकडे वेगळे ठेवा. त्यांतला डिंक आणि रंग जाळायचा नसतो.

विजेचा खांब (वास्को)

दुसरा रस्ता: विजेवरचा आर्द्रता काढणारा यंत्र-डबा. करवतींच्या एवढ्या खोलीला दिवसाला वीस लिटर काढणारा लहान पुरतो, तीनशे वॅटच्या आसपास वीज खातो, आग नाही, राख नाही, धूर नाही. भट्टीला माणूस लागतो, हा लागत नाही.

करवत (म्हापसा)

आग नको असेल त्याला तो चांगला. तोटे दोन. सत्तरी, सांगे, काणकोणच्या बाजूला पावसात वीज तासन्‌तास जाते. आणि भुशाची बारीक धूळ त्याच्या जाळीत बसते, दर आठवड्याला साफ केली नाही तर महिन्याभरात तो पाणी काढेनासा होतो. ज्याच्याकडे सरपण फुकट आहे त्याला भट्टीच परवडते.

रसायनमास्तर (मडगाव)

आगीबद्दल सगळे बोलले, पण सुतारशाळेत आग ही गोष्ट साधी नाही. हवेत उडालेला बारीक भुसा ठिणगीने स्फोट घडवू शकतो, आणि थिनर, स्पिरिट, लॅकर यांची वाफ जमिनीलगत सरकत भट्टीपर्यंत पोचते. म्हणून भट्टीचं तोंड शाळेत ठेवूच नका. भिंतीतले दोन चिरे काढा. भट्टीचं अंग खोलीत, दार बाहेर पडवीत. जळण पडवीतून घालायचं, राख पडवीतून काढायची, आगीला लागणारी हवाही पडवीतूनच. खोलीत नुसतं तापलेलं लोखंड.

भट्टीपासून लाकडी वस्तू तीन फूट लांब. खोली लहान असल्याने ते जमणार नाही, तर फळ्यांच्या बाजूला पत्र्याचा पडदा उभा करा, भट्टी आणि लाकूड यांच्यामध्ये, मागे-पुढे हवा खेळेल असा. लाकूड पडद्याला टेकवू नका. पडदा आणि लाकूड यांत निदान इंचभर मोकळी फट, खाली-वर उघडी. असा पडदा असेल तर भट्टीपासूनचं अंतर एक फुटापर्यंत आणता येतं. कार्बन मोनॉक्साइडचा गजर खोलीत लावाच. राख झाकणाच्या लोखंडी डब्यात, दोन दिवस तशीच. राखेतला निखारा दुसऱ्या दिवशीही जिवंत असतो.

रंधा (फोंडा)

सगळ्यांचे मनापासून आभार. दार पडवीत ही गोष्ट डोक्यातच आली नव्हती, ती पक्की. ८ बाय ६ ची खोली, १२ इंची पाइपची भट्टी, धुराडं पूर्वेच्या त्रिकोणी भिंतीतून. दोन शंका राहिल्या. भट्टीभोवती चिरे रचले तर तापून फुटतील का? आणि फळ्या कशा रचायच्या, किती दिवस लागतील?

चिरेबंदी (केपे)

चिरा सच्छिद्र असतो, पावसात पाणी पिऊन बसतो. ओला चिरा एकदम तापला की आतली वाफ त्याचे टवके उडवते. म्हणून भट्टीच्या अंगाला आगविटा, त्यांच्यापासून चार इंच हवा सोडून चिरा. भिंतीतल्या भोकात भट्टी आणि चिरा यांच्यामध्येही सिरॅमिक ब्लँकेट. सांध्यांना सिमेंट नको, ते उष्णतेने भुसभुशीत होतं. रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती (पुजेची रोयण सोडून) एक भाग, बारीक वाळू दोन भाग, थोडा भाताचा तूस. आठ दिवस सावलीत सुकू द्या. मग तीन दिवस लहान आगी, तासाभराच्या, दर दिवशी थोडी वाढवत. तडे गेले तर त्याच मातीने लिंपा.

करवत (म्हापसा)

रचण्याबद्दल. खाली नऊ इंचांचे ठोकळे. प्रत्येक थरात एक इंच जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दीड फुटावर एक, आणि वरच्या थरातली पट्टी बरोबर खालच्या पट्टीवर. जरा सरकली तर फळी त्या जागी वाकते. फळ्यांच्या दोन्ही टोकांना मेण किंवा ऑइलपेंटचे दोन हात, कारण टोकांतून ओल फार वेगाने जाते आणि भेगा तिथूनच सुरू होतात. वर दगडांचं वजन, चौरस फुटाला वीस-पंचवीस किलो. फणस सागवानापेक्षा जास्त जपून. पहिले चार दिवस पाचच अंश वाढवा, मग सात, मग दहा. घाई केलीत तर बाहेरचा थर सुकून कडक होतो, आत ओल कोंडते, आणि चिरताना फळी करवतीला चिमटा घेते.

हवेची वाट ठेवा. खाली ४ बाय ४ इंचांची दोन भोकं, वर समोरच्या बाजूला तशीच दोन, सरकत्या झाकणांची. नुसती खोली तापवून बंद ठेवली तर लाकडातलं पाणी हवेत येतं आणि हवेतच राहतं. आर्द्रतामापक ६० च्या वर गेला की झाकणं उघडा, ५० च्या खाली आला की थोडी लावा. एक साधा टेबलफॅन रासेच्या आरपार वारा जाईल असा. रात्री आग विझली की झाकणं पूर्ण बंद, नाहीतर बाहेरची ओल आत येते. २० वरून १२ टक्क्यांवर यायला एक इंची फळीला दोन आठवडे धरा.

मीटरवर एकट्यावर विसंबू नका. रासेतल्या एका फळीचा टोकापासून फूटभर आतला तुकडा कापा, वजन करा, ओव्हनमध्ये १०३ अंशांवर वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. समजा ५०० ग्रॅमचा ४३० झाला, तर ७० भागिले ४३०, म्हणजे १६.३ टक्के. ही ओल कळली की त्या फळीचं वजन रोज करून पुढचा हिशोब लागतो.

काजूबोंड (वाळपई)

करवतदादा, कोरडी झालेली फळी खोलीबाहेर काढून लगेच काम सुरू केलं तर ती परत ओल पिणार नाही का? बाहेर तर तीच ९० टक्के.

करवत (म्हापसा)

पिणार. फार चांगला प्रश्न. म्हणून त्या दिवशी लागेल तेवढंच बाहेर काढायचं, आणि अर्धवट झालेले भाग संध्याकाळी परत खोलीत. एका दिवसात वरचा थरच ओल धरतो, आठवडाभर बाहेर राहिली तर फळी १५ च्या पुढे जाते. जोडकाम झालं की पॉलिशचा पहिला हात लवकर द्या, आतल्या बाजूलाही, फळ्यांच्या टोकांनाही. त्याने ओल थांबत नाही, पण फार सावकाश शिरते. पॉलिश मात्र खोलीत नाही, रसायनमास्तरांनी सांगितलंय ते पाळून.

लोखंडवाला (कुंडई)

एक राहिलं. दर दोन आठवड्यांनी टीचं झाकण काढून पाइपवर बाहेरून लाकडी हातोडीने टकटक करा आणि तारेचा ब्रश फिरवा. आणि चवथीनंतर, आग थांबेल तेव्हा, राख एक चमचाही आत ठेवू नका. राख हवेतली ओल धरते, आणि आपल्या खाऱ्या हवेत त्या ओल्या राखेखाली लोखंड जितकं गंजतं तितकं आगीनेही झिजत नाही. तळ खरवडून, आतून-बाहेरून जुन्या इंजिन ऑइलचा हात, दार आणि धुराड्याचं तोंड बंद. पुढच्या मेमध्ये पहिली आग उघड्या हवेच्या दिवशी पेटवा, ते तेल जळताना धूर होतो.

रंधा (फोंडा)

टिपून घेतलं. पाइपचा तुकडा बघायला उद्या भंगारात जातोय. वेल्डरदादा, ६ मिमीचा नाही मिळाला तर ५ चालेल का?

वेल्डर डिचोली

चालेल. ४ च्या खाली नको. आणि घेताना आतून हात फिरवून बघा, बाहेरून चांगला दिसणारा पाइप आतून गंजाने खाल्लेला असतो. हातोडीने वाजवा. खणखणीत आवाज आला तर घ्या.